गावात बोचिया सुरू करायचा असेल तर

ज्या मुलाला चमचासुद्धा नीट धरता येत नाही त्याला खेळवायचं काय, असं पालक मला विचारतात. मी पी.टी.ची शिक्षिका, इस्लामपूरची. माझं उत्तर ठरलेलं असतं: बोचिया. सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूला झालेल्या इजेमुळे हालचालींवर ताबा न राहणं, असलेल्यांसाठी रुजलेला हा खेळ १९८४ पासून पॅरालिम्पिकमध्ये आहे. आमच्या शेजारच्या पेठ गावचे मुरलीकांत पेटकर १९७२ साली हायडलबर्गच्या पॅरालिम्पिकमधून पोहण्याचं सुवर्णपदक घेऊन आले, त्याचा इकडे सगळ्यांना अभिमान. पण व्हीलचेअरवरच्या पोरांनी दर रविवारी खेळायला जावं अशी जागा हवी असेल तर ती आपल्यालाच उभी करावी लागते.

खेळ सोपा आहे. लाल आणि निळी अशा दोन बाजू, प्रत्येकीला सहा चेंडू, आणि एक पांढरा चेंडू म्हणजे जॅक. पहिल्या डावात लाल बाजू आधी जॅक टाकते, मग स्वतःचा पहिला चेंडू, मग निळी. त्यानंतर ज्याचा चेंडू जॅकपासून लांब, त्याची पाळी. शेवटी समोरच्याच्या सर्वांत जवळच्या चेंडूपेक्षाही जवळ तुमचे जितके चेंडू, तितके गुण. एकेरीत असे चार डाव. गोट्या खेळलेल्या माणसाला हे लगेच उमगतं. हाताने टाका, पायाने ढकला, तेही जमत नसेल तर घसरपट्टीवरून, म्हणजे उतरत्या पन्हळीतून, घरंगळत सोडा.

जागेसाठी बॅडमिंटनचा हॉल बघा. बोचियाचं कोर्ट १२.५ बाय ६ मीटर आणि बॅडमिंटनचं १३.४ बाय ६.१, म्हणजे जाळी काढली की काम झालं. दुपारी हॉल रिकामा असतो, तीच वेळ मागा. रेषा मास्किंग टेपने आखा. सेलोटेप काढताना रंग निघतो आणि मग हॉलवाले दारात उभं करत नाहीत. एका टोकाला खेळाडूंचे सहा चौकोन, प्रत्येक १ मीटर रुंद आणि २.५ मीटर लांब. त्यांच्यापुढे इंग्रजी व्हीसारखी रेष, मधोमध १.५ मीटरवर आणि कडेला ३ मीटरवर. जॅक या रेषेपलीकडे गेलाच पाहिजे.

हॉल पक्का करण्याआधी मात्र रिकामी व्हीलचेअर घेऊन जा आणि स्वच्छतागृहाच्या दारातून ती आत जाते का ते बघा. जात नसेल तर दुसरा हॉल शोधा. लघवीला जायची सोय नाही म्हणून घरून निघतानाच पाणी न पिणारी माणसं मी पाहिली आहेत. त्यांना खेळायला बोलवायचं आणि तहानलेलं ठेवायचं, हे चालणार नाही. दारात सहा इंचांची एक पायरी असेल तर सहा फूट लांब जाड प्लायवूड लागतं. त्याहून आखूड घेतलं की उतार अंगावर येतो.

विकतचे चेंडू महाग पडतात. खरा चेंडू साधारण २७५ ग्रॅमचा, घेर २७ सेंटीमीटर. जाड मोज्यात अडीचशे ग्रॅम ज्वारी भरा, तोंड घट्ट शिवा, वरून दुसरा मोजा चढवून तोही शिवून टाका. फरशीवर सरळ घरंगळला तर ठीक, नाहीतर उसवून पुन्हा. तेरा चेंडूंना सव्वातीन किलो ज्वारी पुरते. अधूनमधून चेंडूंना ऊन दाखवा, नाहीतर किडे होतात. घसरपट्टीसाठी ११० मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप प्लंबरकडून उभा चिरून घ्या, कडा पॉलिश पेपरने घासा आणि वरचं टोक उंच स्टुलावर बांधा.

आता स्वयंसेवक. कॉलेजची एन.एस.एस.ची मुलं उत्साहाने येतात. त्यांना पहिल्या दिवशी चेंडू देऊ नका, नियम सांगा. जे खेळाडू घसरपट्टी वापरतात त्यांचा मदतनीस कोर्टाकडे पाठ करून बसतो. डाव चालू असताना त्याने वळून बघायचं नाही. स्पर्धेत बघितलं तर पंच दंड देतात. खेळाडू सांगेल तशी घसरपट्टी हलवायची: "डावीकडे, अजून, बस." चेंडू सोडायचा तो खेळाडूनेच, हाताने किंवा डोक्याला बांधलेल्या दांडीने. मला हा नियम फार मोलाचा वाटतो. घरात कपड्यांपासून जेवणापर्यंत सगळं दुसरे ठरवतात; इथे नेम कुठे धरायचा हे फक्त त्याला दिसतं, म्हणून तोच ठरवतो. सरावातही हा नियम सैल करू नका.

ज्याला बोलता येत नाही त्याच्या खुणा आईला विचारून कार्डावर लिहून घ्या: डोळे वर म्हणजे हो, मान वळवली म्हणजे नको. विचारल्यावर थांबा. उत्तर यायला वेळ लागतो, आणि दुसऱ्यांदा विचारलं की त्याची जुळवाजुळव मोडते. टाळ्या चेंडू थांबल्यावरच. सेरेब्रल पाल्सीत अचानक आवाज झाला की अंग दचकून ताठ होतं आणि हातातला चेंडू भलतीकडेच जातो. हे स्वयंसेवकांना आवाज करून दाखवू नका, नुसतं सांगा.

खुर्चीला हात लावण्याआधी विचारा. थांबलात की दोन्ही ब्रेक लावा, उतारावरून खाली नेताना खुर्ची पाठमोरी फिरवा. चाळिशीच्या खेळाडूला "बाळा" म्हणू नका. काका, ताई, जे वयाला शोभेल ते. आणि सोबत आलेल्या भावंडांना कडेला बसवून ठेवू नका. त्यांना खुर्ची द्या, बसूनच टाकायला सांगा. लगेच बरोबरीचा सामना होतो.

पैशांसाठी आधी देणगीदारांची दारं ठोठावू नका. ग्रामपंचायत आणि नगरपालिकेने उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो, आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम ३० खेळांबद्दलच आहे. अर्जात दोन्हींचा उल्लेख करा, खेळाडूंच्या सह्या किंवा अंगठे घ्या, आवक क्रमांकाची पोच मागा. मागणी एकच ठेवा: हॉलच्या दारात सिमेंटचा पक्का उतार.