भुंगेऱ्याचं कूळ ओळखायचंय? आधी त्याला उताणा करा

पहिला पाऊस पडला की घरातल्या दिव्यावर भुंगेरे येऊन आपटायला लागतात आणि "हा कोणता?" म्हणून फोटो फिरायला लागतात. फोटो नेहमी पाठीचा. नुसत्या पाठीवरून नेमकी ओळख पटावी असे भुंगेरे मोजकेच. बाकीच्यांच्या खुणा पोटाखाली, पायांत आणि मिशांत असतात. "आधी रंग बघा, मग ठिपके मोजा" हा सल्ला सगळीकडे मिळतो आणि तो वाईट आहे. लाल अंगावर काळे ठिपके चित्रांग भुंगेऱ्यांना (लेडीबर्ड) असतात, तसेच पानं खाणाऱ्या अगदी वेगळ्या कुळातल्या भुंगेऱ्यांनाही असतात. जगात भुंगेऱ्यांच्या साडेतीन लाखांहून जास्त जाती नोंदल्या गेल्या आहेत. एवढ्या पसाऱ्यात रंग कितीदा तरी सारखेच निघणार.

किडा मिळवायला पांढरी चादर आणि त्यापुढे एक दिवा पुरतो. अभयारण्यात असाल तर वनविभागाची परवानगी आधी काढा. मारायची गरज नाही. झाकणाच्या पारदर्शक डबीत घालून दहा मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा (फ्रीझरमध्ये नव्हे), तो सुस्तावतो. दहा पट मोठं दाखवणारं भिंग, मऊ ब्रश आणि चिमटा जवळ असू द्या.

दोन किड्यांना मात्र बोट लावू नका. एक म्हणजे नारिंगी-काळा, मुंगीसारखा लांबोडका पीडेरस. तो अंगावर चिरडला गेला की त्याच्यातल्या विषानं कातडी भाजल्यासारखी होते. दुसरा म्हणजे पावसाळ्यात फुलांवर बसलेला, काळ्या अंगावर नारिंगी पट्ट्यांचा मायलॅब्रिस. त्याच्या अंगातून निघणाऱ्या द्रवानं फोड येतात. दोघांनाही कागदाच्या घडीनं डबीत ढकला.

आता हा भुंगेराच आहे ना, ते पाहा. पुढचे दोन पंख टणक आणि पाठीच्या मधोमध सरळ रेषेत भिडलेले, तोंडाला चावणारे जबडे: भुंगेरा. पंखांची टोकं पातळ आणि एकमेकांवर चढलेली, तोंडाला शोषायची सोंड: ढेकणांच्या गणातला किडा. सोंड्या भुंग्याच्या सोंडेनं गोंधळू नका, तिच्या टोकाला जबडेच असतात.

मग किडा उताणा करून मागच्या पायांची मुळं बघा. पोटाचा पहिला दिसणारा पट्टा या मुळांनी मधोमध पूर्ण तोडला असेल, तर तो अ‍ॅडेफॅगा या उपगणातला: जमिनीवर धावणारे शिकारी भुंगेरे, वाघभुंगेरे, पाणभुंगेरे, पाण्यावर गरगरणारे भोवरी किडे. पट्ट्याची मागची कड एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत सलग जात असेल तर पॉलिफॅगा. भुंगेऱ्यांच्या दर दहा जातींतल्या साधारण नऊ या उपगणातल्या. तळ्यातले डिटिस्किडी आणि हायड्रोफिलिडी या दोन कुळांतले किडे वरून सारखेच काळे, गुळगुळीत दिसतात. पहिले अ‍ॅडेफॅगा, दुसरे पॉलिफॅगा. उताणा केला की वाद मिटतो.

पावलाची पेरं मोजणं

इथे वेळ द्या. या पायरीनं मला फार छळलं आहे, आणि बहुतेक मार्गदर्शक ती "पावलाची पेरं मोजा" एवढ्या एका वाक्यात उरकतात.

नडगी संपते तिथून पाऊल सुरू होतं आणि नख्या असलेल्या पेरावर संपतं. नख्या पेर म्हणून धरायच्या नाहीत. पुढचा, मधला आणि मागचा असे तिन्ही पाय मोजायचे आणि आकडे ओळीनं लिहायचे: ५-५-५, ५-५-४ असे. एकच पाय मोजून थांबणारा माणूस टेनेब्रिऑनिडी कुळ हमखास चुकवतो, कारण त्यांच्या पुढच्या दोन जोड्यांना पाच पेरं आणि फक्त मागच्या जोडीला चार असतात. जुन्या पिठात सापडणारा तांबडा भुंगेरा याच कुळातला. मायलॅब्रिसचं मेलॉइडी कुळही ५-५-४, पण त्याची मान बारीक आणि प्रत्येक नखी उभी चिरलेली. टेनेब्रिऑनिडींच्या मिशांचं मूळ डोक्याच्या कडेखाली झाकलेलं असतं.

खरी अडचण पुढे आहे. आंब्याचं खोड पोखरणारा बॅटोसेरा हातात घ्या आणि मोजा. चार पेरं दिसतील. उत्तर पाच आहे. तिसरं पेर रुंद आणि दोन पाळ्यांचं असतं, आणि त्या पाळ्यांच्या खाचेत चौथं, अगदी चिमुकलं पेर लपलेलं असतं. ते पाहायचं तर पाऊल ब्रशनं ओलं करून चिखल काढा, प्रकाश बाजूनं तिरपा टाका आणि शेवटच्या लांब पेराच्या बुडाशी बघा. तिथे कड्यासारखी एक बारीक गाठ दिसेल. तीच ती. बॅटोसेरासारख्या मोठ्या किड्यात ती भिंगातून सापडते. कडधान्यातल्या भुंग्यात भिंग पुरत नाही, सूक्ष्मदर्शक लागतो. म्हणून माझा नियम असा: दिसताना चार आणि तिसरं पेर दोन पाळ्यांचं, तर गाठ दिसो न दिसो, लांब मिशांचे सेरँबिसिडी, पानं खाणारे क्रायसोमेलिडी आणि सोंडकिडे हे तीन गट आधी तपासायचे. चित्रांग भुंगेऱ्यात हाच लपंडाव एक पेर आधी घडतो. पाळ्या दुसऱ्या पेराला, लपलेलं तिसरं. म्हणून चारऐवजी तीनच दिसतात. लाल ठिपकेवाल्यांचा सुरुवातीचा गोंधळ इथे सुटतो: तीन दिसली तर चित्रांग, चार दिसली तर क्रायसोमेलिडी.

आणखी एक सावधगिरी. जुन्या किड्यांची पावलं तुटलेली असतात, म्हणून डावी-उजवी दोन्ही बाजू मोजा. काही शेणकिड्यांच्या पुढच्या पायांना तर मुळात पाऊलच नसतं. ते तुटलेलं समजून किडा फेकून देऊ नका.

पण या आकड्यांना नातेगोतं समजू नका. १७६२ मध्ये फ्रान्समध्ये जॉफ्रॉय यांनी पेरांच्या संख्येवरून भुंगेऱ्यांची विभागणी केली आणि ती पद्धत बराच काळ चालली. लपलेली पेरं लक्षात आल्यावर 'तीन पेरांचे' आणि 'चार पेरांचे' हे गट मोडले. पेरं कूळ शोधायला उपयोगी पडतात. नातं मात्र शरीराची सगळी रचना, अळी आणि आता जनुकं यांवरून ठरतं.

यानंतरचं सोपं आहे. मिशांच्या टोकाला पंख्यासारखी उघडणारी पानं असतील तर स्कॅराबिडी: हुमणीचे भुंगेरे, शेणकिडे, कोकणातल्या माडाचा गेंड्या भुंगा. उताणा पडल्यावर टक् आवाज करून उडाला तर एलाटेरिडी. टणक पंख आखूड आणि पोट उघडं असेल तर स्टॅफिलिनिडी, पीडेरस यांतलाच. सेरँबिसिडी ओळखताना मिशांच्या लांबीवर विसंबू नका, काहींच्या आखूडही असतात. डोळा मिशीच्या बुडाला वळसा घालतोय का, ते पाहा.

कूळ मिळालं की थांबा. जातीचं नाव घाईनं लिहू नका. उसाच्या मुळ्या खाणाऱ्या हुमणीच्या तपकिरी भुंगेऱ्यांत जवळच्या जाती नराचं जननेंद्रिय पाहूनच खात्रीनं वेगळ्या करता येतात, आणि ते काम जाणकाराचं. पुण्यात आकुर्डीला भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेचं केंद्र आहे. असा नमुना कुणालाही दाखवायला नेताना सोबत चिठ्ठी हवीच: गाव, तारीख, वेळ, आणि कुठल्या झाडावर किंवा दिव्यावर मिळाला. हुमणीचे भुंगेरे वळवाच्या पावसानंतर संध्याकाळी बाभूळ आणि कडुनिंबावर जमतात, म्हणून चिठ्ठीवरचं झाडाचं नाव जाणकाराला निम्मी वाट दाखवतं. फोटो पाठवणार असाल तर तीन काढा: पाठ, पोट आणि एका मागच्या पावलाचा जवळून.