मुलाला असेसमेंटला आणताना या चुका टाळा

गेली चौदा वर्षं मी पुण्यात मुलांच्या न्यूरोसायकॉलॉजिकल, म्हणजे मेंदूची कामं कशी चालतात हे पाहणाऱ्या चाचण्या घेते. फिट्स येणारी, डोक्याला मार लागलेली, एडीएचडी (लक्ष न टिकणं, अति चंचलपणा) किंवा डिस्लेक्सियाची (वाचन-लेखनातली अडचण) शंका असलेली मुलं येतात. लक्ष, स्मरणशक्ती, भाषा, वाचन-लेखन, हाताचा वेग असं बरंच काही पाहायचं असतं. दोन-तीन तासांच्या दोन बैठका तरी लागतातच. आणि चाचणी बिघडते ती बहुतेक वेळा घरूनच बिघडून आलेली असते.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे सराव करून घेणं. तिसरीतला एक मुलगा आला होता. कार्डावरचा नमुना ठोकळ्यांनी जुळवायचा, अशी एक चाचणी असते. तिच्या लाल-पांढऱ्या ठोकळ्यांचा डबा उघडला आणि माझी सूचना पूर्ण व्हायच्या आत त्याचा पहिला नमुना तयार! पुढचे नमुने त्या वयाच्या मुलांना चांगलेच अडवतात. ते त्याने कार्डाकडे धड न बघता लावले. मग कागद दिला आणि एक साधी आकृती उतरवायला सांगितली, तर कोपरे जुळेनात. डोळ्यांनी पाहून हातांनी जुळवायचं काम दोन्हीकडे लागतं. एकात इतकी झेप आणि दुसऱ्यात इतकी अडखळ पाहून मी विचारलं, "हे आधी कुठे केलंस रे?" तो म्हणाला, "बाबांनी आणलेत ठोकळे. रोज जेवल्यावर करतो."

बाबा बाहेरच बसले होते. परीक्षा आहे, तर तयारी करून घेणं बापाचं काम, असं त्यांना मनापासून वाटलं होतं. त्या मुलाचं दुखणं नेमकं तिथेच होतं: वहीत बेरजेचे आकडे एकाखाली एक येत नव्हते. दीड महिन्याच्या सरावाने तेवढीच जागा झाकली गेली. मला तो भाग बाद करावा लागला, वेगळी चाचणी लावावी लागली आणि मुलाला तिसऱ्यांदा यावं लागलं. आयक्यूचा आकडा फुगवून मूल हुशार होत नाही. त्याला मिळायची मदत तेवढी हुकते. यूट्यूबवर 'आयक्यू टेस्टची तयारी' शोधू नका, एवढं माझं ऐकाच.

आधी झालेली चाचणी लपवणं हीही त्याच जातीची चूक. बुद्धिमापनाची बिने-कामत असो, मालिन असो की विस्क, तीच चाचणी थोड्या महिन्यांत पुन्हा घेतली की आठवणीनेच गुण वाढतात. जुना रिपोर्ट पटला नसला तरी आणा.

दुसरी चूक मुलाला काय सांगून आणता याची. सहा वर्षांची एक मुलगी आली ती डावा दंड उजव्या पंजाने घट्ट धरूनच. चित्र काढ म्हटलं तर डाव्या हाताने पेन्सिल उचलली. रेघा थरथरत होत्या. फॉर्मवर 'कोणत्या हाताने लिहिते' हा रकाना रिकामा, म्हणून मी डावखुरी अशी नोंद केली. पाऊण तासाने आई पाणी द्यायला आत आली आणि म्हणाली, "अहो मॅडम, ती उजव्या हातानेच लिहिते." आदल्या रात्री घरी सांगितलं होतं, 'नीट बसली नाहीस तर सुई टोचतील.' ते पोर इतका वेळ सुईची जागा झाकून बसलं होतं. सकाळचं सगळं काम पुन्हा करावं लागलं.

'खेळायला जायचंय' हेही सांगू नका. दहा मिनिटांत मुलाला कळतं की हा खेळ नाही, आणि मग माझ्यावरचा विश्वास जातो. मी पालकांना साधं सांगते, असं म्हणा: "तिथे एक ताई असतील. त्या कोडी देतील, चित्रं दाखवतील, वाचायला-लिहायला सांगतील. काही सोपं असेल, काही खूप अवघड. कुणालाच सगळं येत नाही. सुई नाही. मी बाहेरच बसणार आहे." अवघड असेल हे आवर्जून सांगा, कारण बऱ्याच चाचण्यांत लागोपाठ काही उत्तरं चुकेपर्यंत प्रश्न पुढे जात राहतात. 'सगळं बरोबर दे हं' असं बजावलेलं मूल तिथे रडकुंडीला येतं. पाच-सहा वर्षांच्या मुलाला आदल्या दिवशी सांगितलं तरी पुरे. आठवी-नववीतल्या मुलाला आठवडाभर आधी, कारणासकट सांगा. वाचताना त्याचा किती जीव जातो हे त्याला तुमच्याआधी कळलेलं असतं.

बाकीच्या थोडक्यात:

ईईजीच्या (मेंदूच्या विद्युत लहरींच्या तपासणीच्या) आधी कधी कधी मुलाला रात्री जागवायला सांगतात. ती सूचना इथे लावू नका. इथे पोटभर झोप आणि रोजचा नाश्ता हवा.

फिट्सची एकही गोळी चुकवू नका. एडीएचडीची गोळी त्या दिवशी द्यायची का, हे डॉक्टरांना आणि आम्हाला आधी विचारा. रात्री फिट आली असेल तर फोन करा, तारीख बदलू.

चष्मा, कानाचं मशीन घरी विसरू नका. दोन्हींची तपासणी आधी झालेली असली तर फारच बरं.

वह्या आणा, पण खाडाखोडीच्या, अर्धवट सोडलेल्या. नव्याने उतरवून आणलेल्या सुबक वह्या मला काहीच सांगत नाहीत. बाळंतपणाची फाइलही आणा: वजन किती होतं, लगेच रडलं का, काचेच्या पेटीत किती दिवस होतं.

"मॅडमशी इंग्लिशमध्ये बोल" असं दारातून बजावू नका. मूल विचार कोणत्या भाषेत करतं तेच तर पाहायचंय. घरी मराठी, शाळेत इंग्रजी, आजीशी कोकणी, जे असेल ते सांगा.

दहावीच्या फॉर्मच्या आठवड्यात 'फक्त सर्टिफिकेट द्या' म्हणत येणाऱ्यांचं मला खरंच वाईट वाटतं. अध्ययन अक्षमता (डिस्लेक्सियासारखी वाचन, लेखन, गणितातली अडचण) असलेल्या मुलांना आपल्या राज्यात 1996 पासून परीक्षेत सवलती आहेत, 2016 च्या दिव्यांग कायद्यातल्या 21 प्रकारांतही ती आहे. पण बोर्डासाठी शासनमान्य केंद्राचं प्रमाणपत्र लागतं आणि तिथे रांग असते. शिवाय तिसरी-चौथीत आला असतात तर मधली पाच-सहा वर्षं मुलाने 'आळशी' हा शब्द ऐकत काढली नसती.

आणि मधल्या सुट्टीत, डबा उघडता उघडता, "काय काय विचारलं? आलं का?" असं खोदून विचारू नका. पोळीभाजी खाऊ द्या. पुढची बैठक बाकी असते.