फ्रीजला श्वास घेऊ द्या

फ्रीज आतली उष्णता उपसून बाहेर टाकतो. ती नेमकी कुठून बाहेर पडते, हे हात लावून पाहा. जुन्या फ्रीजला मागे काळी जाळी असते, पण आताच्या बऱ्याच फ्रीजमध्ये उष्णता बाहेर टाकणाऱ्या नळ्या बाजूच्या पत्र्याआड असतात. म्हणून बाजू कोमट लागतात. तो बिघाड नव्हे. आपण मात्र वरून खिशांचं कव्हर घालतो, बाजूला पिशव्या लटकवतो, फ्रीज भिंतीला चिकटवतो. उष्णतेला वाट मिळाली नाही की कॉम्प्रेसर जास्त वेळ चालतो आणि बिल वाढतं. माहितीपुस्तिकेत सांगितलेली मोकळी जागा नक्की सोडा. गॅसच्या शेगडीपासूनही फ्रीज लांब हवा.

दुसरी सवय दुधाची. तापवलेलं पातेलं तसंच आत ठेवू नका. परातीत गार पाणी घेऊन त्यात ठेवा, निवलं की झाकून आत. उरलेली आमटी-भाजीसुद्धा अशीच निववा, पण दोन तासांपेक्षा जास्त बाहेर ठेवू नका; विजेपायी अन्न नासवणं मला तरी पटत नाही. झाकण विसरू नका, कारण उघड्या पदार्थातली वाफ फ्रीझरमध्ये बर्फ होऊन साचते.

आता दार. रबरात दहाची नोट अडकवून दार लावा आणि ओढा. सहज निसटली, तर आधी रबर साबणाच्या कोमट पाण्याने पुसा, कित्येकदा नुसता चिकट मळच असतो. तरीही सैल वाटलं तर रबर बदलून घ्या.