चालायची घाई आणि बोलायची ढिलाई: बाळाच्या पहिल्या दोन वर्षांत या चुका टाळा

आमच्याकडे दोन मुलं, मोठी लेक नऊ वर्षांची आणि धाकटा पाचचा. लेकीच्या वेळी जे करू नये ते सगळं आम्ही हौसेने करून बसलो, धाकट्याच्या वेळी त्यातलं काहीच केलं नाही म्हणून स्वतःवर खूश होतो, आणि तेव्हा भलत्याच ठिकाणी चुकलो. आता मागे वळून बघितलं की वाटतं सगळा उलटा कारभार होता. जे आपोआप होणार होतं त्याच्या मागे हात धुवून लागलो आणि जिथे खरंच लक्ष द्यायचं तिथे "होईल गं" म्हणत बसलो. मी डॉक्टर वगैरे नाही, पण दोन मुलांमागे ठेचा खाऊन जे कळलं ते लिहितेय.

"आमची तर दहाव्या महिन्यात धावत होती"

बाळ झालं की बारशापासूनच हे सुरू होतं. मान धरली का, पालथं पडलं का, दात आले का, बसतं का, रांगतं का. विचारणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं पण आईच्या पोटात गोळा येतो. माझी लेक नऊ महिन्यांची झाली तरी रांगायचं नाव नाही, बुडावर बसूनच पुढे सरकायची, एक पाय दुमडलेला आणि एक हात वल्ह्यासारखा. आणि खालच्या मजल्यावरचं तिच्याहून पंधरा दिवसांनी लहान बाळ जिन्यापर्यंत रांगत येऊन बसायचं. मी तिला रोज सकाळी चटईवर उपडी घालायचे, पुढ्यात खुळखुळा ठेवायचे, मग ती रडायची आणि मीही रडायचे.

जागतिक आरोग्य संघटनेने भारतासकट पाच देशांतल्या निरोगी बाळांच्या वाढीचं निरीक्षण करून २००६ मध्ये आकडे दिलेत ते मला तेव्हा कोणीतरी दाखवायला हवे होते. आधाराशिवाय बसणं साधारण चार ते नऊ महिन्यांत कधीही. रांगणं पाचव्या महिन्यापासून साडेतेराव्यापर्यंत. आधाराशिवाय चालणं आठव्या महिन्यापासून ते थेट साडेसतराव्यापर्यंत! म्हणजे एक बाळ दहाव्या महिन्यात चाललं आणि दुसरं सोळाव्यात, तरी दोघंही ठणठणीत असू शकतात. आणि त्या मुलांपैकी शंभरात चारेक तर हातगुडघ्यांवर रांगलीच नाहीत, थेट उठली आणि चालली. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेने २०२२ मध्ये बाळाच्या वाढीच्या टप्प्यांची यादी नव्याने केली तेव्हा रांगणं त्यातून काढूनच टाकलं. आमची बुडावर सरकणारीही न रांगणाऱ्यांतलीच होती, एक दिवस टीपॉय धरून उभी राहिली आणि विषय संपला.

अजून एक हिशोब घरोघरी चुकतो. बाळ दोन महिने आधी जन्मलं असेल तर दोन वर्षांचं होईपर्यंत वयातून ते दोन महिने वजा करायचे. वाढदिवसाला दहा महिन्यांच्या बाळाइतकं करत असेल तर ते मागे नाही, बरोबर वेळेवर आहे. हे डॉक्टर सांगतात पण आजी आजोबा आणि मावश्यांपर्यंत पोचत नाही, तेवढं पोचवा.

वॉकर

यावर मी जरा जास्त लिहिणार आहे कारण अजूनही पहिल्या वाढदिवसाला दोन तरी वॉकर भेट येतातच. लेकीला मामाने आणला होता, गोल, पुढे वाजणारी बटणं, खाली सहा चाकं. आठव्या महिन्यात बसवलं. काय मज्जा, मला दोन्ही हात मोकळे, पोळ्या होतात, ती हॉलभर भिरभिरतेय. आमचं घर जुनं, हॉल आणि स्वयंपाकघराच्या मधे उंबरा. तिसऱ्या का चौथ्या दिवशी ती मला बघून जोरात आली, पुढचं चाक उंबऱ्याला अडकलं आणि गाडीसकट तोंडावर. खालचे दोन नवे दात ओठात रुतले, माझ्या हातात लाटणं तसंच आणि समोर रक्त. सासूबाईंनी साखर लावली ओठाला, मी नुसती थरथरत होते. मी चार पावलांवर उभी होते हे लक्षात घ्या. "मी समोरच असते" याला काही अर्थ नाही, ती गाडी पळते आणि आपण पोचत नाही.

पडणं एक वेळ सोडा, वॉकरने चालायला मदतही होत नाही. बाळ त्यात झोळीत बसल्यासारखं लटकलेलं असतं आणि चवड्यांनी जमीन मागे ढकलतं. अंगाचा तोल सांभाळायचा नाही, स्वतःचे पाय दिसत नाहीत, पडलं तर कसं सावरायचं ते कळत नाही. चालणं म्हणजे मुळात तोल सांभाळणंच ना, तेच शिकायचं राहतं. कॅनडाने तर २००४ मध्ये वॉकरवर बंदीच घातली, नवा विकायचा नाही, आणायचा नाही आणि जुनाही विकायचा नाही.

इथे सासूबाई म्हणाल्या, "मग आमच्या वेळचा पांगुळगाडा काय वाईट होता?" आणि खरं सांगू का, त्या बरोबर होत्या. लाकडी तीन चाकांचा पांगुळगाडा बाळ मागून धरून ढकलतं, स्वतःच्या पायांवर उभं राहून. वजन त्याचं, तोल त्याचा, सुटला तर मऊ बुडावर आपटतं. मात्र तोही बाळ आपणहून धरून उभं राहायला लागल्यावरच द्यायचा, आणि फरशी गुळगुळीत असेल तर गाडा पुढे आणि बाळ मागे असं होतं म्हणून आपण जवळच थांबायचं. नाहीतर काहीच नको, दिवाणाची कड धरून ते स्वतः कडेकडेने चालत जातं तो सगळ्यात चांगला क्लास. घरात बूट मोजे नकोत, अनवाणीच बरं. आणि दोन्ही हात वर धरून "चाल चाल" करत फिरवायची हौस पाच मिनिटं ठीक, तासभर नको, तुमची कंबर जाते आणि बाळ शिकत काही नाही.

तसंच चार महिन्यांच्या बाळाला उशा लावून लोडासारखं बसवणं. फोटो गोड येतो पण पाठ अजून तयार नसते. त्यापेक्षा जागं असताना आपल्या डोळ्यांसमोर पोटावर ठेवा (झोपवताना मात्र पाठीवरच), मान पाठ खांदे सगळं त्यातूनच बनतं. आणि "अजून पालथं पडत नाही" म्हणून पलंगावर एकटं ठेवून दुधाची बाटली आणायला जाऊ नका, पहिल्यांदा पालथं पडायचा मुहूर्त नेमका तोच निघतो.

"मुलगे उशिराच बोलतात"

आता धाकट्याची गोष्ट. वॉकर नाही, तुलना नाही, सव्वा वर्षाचा झाला आणि मस्त चालला. बोलणं मात्र मंमं, बाबा, भूभू, माऊ असं पाच सहा शब्दांवर अडकलं. दोन वर्षांचा झाला तरी तेवढंच. हवं ते बोटाने दाखवायचा, माझा हात धरून फ्रीजपाशी न्यायचा आणि आम्ही लगेच द्यायचो. घरात एकमत होतं की मुलगे उशिराच बोलतात. सासूबाई म्हणायच्या, "अगं ह्याचा बाप साडेतीन वर्षांचा होईपर्यंत बोलला नाही, आता मीटिंगमध्ये तोंड बंद होत नाही त्याचं." वेखंड उगाळून जिभेला लावून झालं. कोणी म्हणालं जीभ खालून चिकटलेली असेल. माझ्या मनात एकदा येऊन गेलं की ऐकू तर येतं ना याला, तेव्हा सासऱ्यांनी मागे जाऊन स्टीलचं ताट पळीने वाजवलं, हा गर्रकन वळला, सगळे हसले आणि कान पास. शिवाय जन्मल्यावर हॉस्पिटलमध्ये कानाची टेस्ट झाली होती, तीही पासच होती.

सव्वादोन वर्षांचा असताना सर्दीसाठी गेलो तर डॉक्टरांनी सहज विचारलं, दोन शब्द जोडून बोलतो का, "पाणी दे", "बाबा ये" असं? नाही म्हटल्यावर कानाची तपासणी करून आणायला सांगितली. निघालं काय, तर सतत सर्दी होऊन कानाच्या पडद्यामागे दोन्हीकडे पाणी साठलेलं. पाण्याखाली डोकं ठेवून ऐकल्यासारखं त्याला ऐकू येत होतं. ताट ऐकू येणारच हो, ताट काय मेलेलं माणूस ऐकेल, पण स, फ, त असे हलके आवाज गायब. शब्द अर्धामुर्धा कानात गेला तर तोंडातून पूर्ण कसा येणार.

तीन महिने थांबून परत तपासायचं ठरलं, आमचं पाणी नशिबाने औषधपाण्याची फार खटपट न करता ओसरलं. मग स्पीच थेरपिस्टकडे काही महिने गेलो आणि तिथे आमच्या घरच्या चुका एकेक करून बाहेर आल्या. त्या सांगते कारण त्या कान ठणठणीत असलेल्या घरातही असतात.

पहिली, आम्ही मागायच्या आधी द्यायचो. बाळाने बोट दाखवलं की दोन सेकंद थांबायचं, तोंडाकडे बघायचं, "पाणी? पाणी हवं?" म्हणायचं, आणि मग द्यायचं. अडवून रडवायचं नाही, फक्त जागा द्यायची. दुसरी, आम्ही परीक्षा घ्यायचो. हे काय, तो कोण, काऊ कसा करतो, पाहुण्यांसमोर म्हणून दाखव. थेरपिस्टने सांगितलं प्रश्न कमी करा आणि कॉमेंट्री वाढवा, कांदा चिरतेय, कांदा तिखट, आईच्या डोळ्यात पाणी, असं साधं, तोंडासमोर बसून. मला आधी वेड्यासारखं वाटायचं, पण पंधरा दिवसांनी हा ओट्यापाशी उभा राहून "कांदा तित" म्हणाला, त्याचं पहिलं दोन शब्दांचं वाक्य.

तिसरी अर्थात मोबाइल. जेवताना लावायचो, घास पटापट जातो म्हणून. दोन वर्षांच्या आत स्क्रीन नकोच असं भारतीय बालरोगतज्ज्ञांची संघटनाही सांगते, फक्त दूरच्या आजीशी व्हिडिओ कॉल चालतो. गाण्यातून बाळ एबीसीडी म्हणतं म्हणून आपण फुगतो, पण ते म्हणणं आहे, बोलणं नाही. गाणं थांबून त्याच्या उत्तराची वाट बघत नाही ना.

आणि नणंदेचं वेगळंच. ती बेंगळुरूला असते, घरात मराठी, सांभाळणाऱ्या ताई कन्नड, डे केअरला इंग्रजी, आणि तिला कोणीतरी ठोकून दिलं की मुलगी बोलत नाही तर मराठी बंद करा. काही बंद करायची गरज नाही. दोन तीन भाषांमुळे मूल मागे पडत नाही, फक्त शब्द मोजताना सगळ्या भाषांतले मिळून मोजायचे.

बाकीच्या बारीकसारीक

दात. चौथ्या महिन्यात येवोत नाहीतर बाराव्यात, ओढून काढता येत नाहीत. दात येताना लाळ, चिडचिड होते, पण चांगला ताप आणि जुलाब दातांच्या नावावर खपवू नका, दाखवून या.

गुटी मधात उगाळून देणं. मध वर्षाच्या आत अजिबात नको, शुद्ध असो की रानातला, त्यातून बॉट्युलिझमसारखा गंभीर आजार होऊ शकतो. उष्टावण सहा महिने पूर्ण झाल्यावर, मग तिसऱ्या चौथ्या महिन्यात "नुसतं वरणाचं पाणी" चाटवायची घाई कशाला? आणि उष्टावणीनंतरही पातळ पाणीच देत बसू नका, मऊ भात वरण घट्ट कालवून, वर तूप, नाचणीचं सत्त्व असं पोटाला आधार देणारं द्या.

शी शू शिकवणं, हे दीड वर्षापासून तीन वर्षांपर्यंत आपापल्या वेळी येतं. ओलं केलं म्हणून ओरडलात तर मूल पडद्यामागे जाऊन करायला लागतं आणि शी धरून ठेवायला लागलं की बद्धकोष्ठाचं नवं लचांड. आम्ही लेकीच्या वेळी ते पण करून बसलोय.

मग थांबायचं कुठे आणि जायचं कधी

दोन महिन्यांपर्यंत तोंडाकडे बघून हसत नाही. चौथ्या महिन्याअखेर मान धरत नाही. नवव्या महिन्यात आधाराशिवाय बसत नाही. वर्षाचं झालं तरी बा बा दा दा नाही, बोट दाखवणं नाही, टाटा नाही. दीड वर्षात चालत नाही. सोळा महिन्यांत एकही शब्द नाही, दोन वर्षांत दोन शब्द जोडत नाही. हाक मारल्यावर बघत नाही, एकच हात वापरतं, आणि सगळ्यात महत्त्वाचं, आधी येत होतं ते बंद झालं, मग वय कितीही असो. यातलं काही असेल तर बाळाला काहीतरी झालंय असा अर्थ लगेच काढू नका, पण वाटही बघू नका, डॉक्टरांना दाखवा. बोलण्याच्या बाबतीत तर कान आधी, आणि तेही ताट वाजवून नाही, मशीनवर.

वेगळी अपॉइंटमेंट जमत नसेल तर लसीचे दिवस धरा. दीड, अडीच, साडेतीन, मग नऊ महिने, मग सोळा ते चोवीसच्या मधला. नवव्या महिन्यातला आणि त्यानंतरचा हे दोन तर या प्रश्नांसाठीच बनवल्यासारखे आहेत, नुसती सुई टोचून घरी पळू नका. सरकारी माता बाल संरक्षण कार्डात टप्प्यांची चित्रं असतात, ते कार्ड फक्त लसीच्या तारखांसाठी नाहीये. आणि खर्चाची काळजी असेल तर अंगणवाडीत विचारा, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात (हा २०१३ मध्ये आपल्या पालघरमधूनच सुरू झाला) तपासणी फुकट होते आणि गरज असेल तर पुढे जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवतात.

जाताना घरचा एक दोन मिनिटांचा व्हिडिओ घेऊन जा, बाळ खेळतंय, काहीतरी मागतंय, हाकेला वळतंय की नाही असा. परक्या खोलीत मुलं तोंड उघडत नाहीत. आमचा तर डॉक्टरांच्या गळ्यातला स्टेथोस्कोप ओढत बसला होता, पंधरा मिनिटांत हूं नाही की चूं नाही, आणि बाहेर पडून लिफ्टशी आलो तर "भूभू, भूभू" करून अख्खा मजला डोक्यावर घेतला.