जुन्या स्टिरिओ रिसीव्हरवर मंद आवाजात सुखाने ऐकण्यासाठी

१९७०च्या दशकातला चांगल्या स्थितीतील स्टिरिओ रिसीव्हर (रेडिओ आणि आवाज वाढवणारे यंत्र एकाच पेटीत) मोठ्या आवाजात जितका मोकळेपणाने वाजतो, तितकीच तो मंद आवाजात अडवणूक करतो. आवाजाचा नॉब किंचित फिरवला तर एकच स्पीकर ऐकू येतो, आणखी किंचित फिरवला तर खोली भरून जाते. या दोहोंमधली हवी ती जागा बोटांना सापडतच नाही. नॉबची जागा सांगताना घड्याळाच्या तासकाट्याचा आधार घेणे सोयीचे असते: सात म्हणजे शून्य, बारा म्हणजे मधोमध आणि पाच म्हणजे पूर्ण. सात आणि आठ यांच्यामधल्या त्या चिंचोळ्या पट्टीत ऐकण्याची वेळच येऊ नये, अशी व्यवस्था करणे हाच या तक्रारीवरचा खरा उपाय आहे.

रिसीव्हर बिघडलेला नसला तरी असे का होते, हे थोड्या हिशोबाने स्पष्ट होते. त्या काळातील रिसीव्हरच्या ऑक्स सॉकेटला (बाहेरचा स्रोत जोडण्याच्या जागेला) पूर्ण ताकदीने वाजण्यासाठी साधारण १५० ते २०० मिलिव्होल्ट एवढा सिग्नल पुरत असे. सीडी प्लेयर किंवा आजचा डिजिटल कन्व्हर्टर (डिजिटल संगीताचा विद्युत सिग्नल बनवणारे यंत्र) मात्र कमाल पातळीला २ व्होल्ट देतो, म्हणजे १५० मिलिव्होल्टच्या सुमारे तेरा पट, डेसिबलमध्ये २२हून थोडे अधिक. दुसरीकडे, ९० डेसिबल संवेदनशीलतेच्या स्पीकरला एका मीटरवर ६० डेसिबलचा आवाज देण्यासाठी केवळ एक मिलिवॅट लागतो. संगीतातल्या क्षणिक उसळ्या धरल्या तरी ५० मिलिवॅटमध्ये काम भागते. रिसीव्हर ५० वॅटचा असेल तर तेथपर्यंत उतरण्यासाठी ३० डेसिबल कमी करावे लागतात, आणि आधीचे २२ त्यात मिळवले की नॉबला एकट्याने ५२ डेसिबल गिळावे लागतात. नॉबमागचा पोटेन्शिओमीटर म्हणजे एकाच दांड्यावर बसवलेल्या दोन कार्बनच्या पट्ट्या. त्या मधल्या भागात एकमेकींशी बऱ्यापैकी जुळतात, पण अगदी सुरुवातीला त्यांच्यात मोठा फरक पडतो, आणि आपण नेमके तेथेच अडकलेले असतो.

खात्री करून घेण्यासाठी प्रथम रिसीव्हरवरचे एफएम किंवा रेकॉर्ड प्लेयर लावून पाहावा. या दोहोंची पातळी यंत्राच्या रचनाकारांनी धरलेल्या हिशोबातच असते. त्यांवर नॉब नऊ-दहापर्यंत सहज नेता येत असेल आणि केवळ सीडीवर किंवा कन्व्हर्टरवर तो आठच्या आत रोखावा लागत असेल, तर अडचण बाहेरून येणाऱ्या सिग्नलची आहे. सर्वच स्रोतांवर सारखाच त्रास असेल, तर स्पीकर फार संवेदनशील आहेत किंवा नॉबच खराब झाला आहे असे समजावे.

फुकटातला उपाय आधी करावा. संगीत संगणकावरून किंवा फोनवरून येत असेल तर तेथलाच आवाज कमी करावा. डिजिटल आवाज कमी केल्याने दर्जा घसरतो ही भीती बरीच अतिरंजित आहे: दर ६ डेसिबलला सुमारे एक बिट जातो, त्यामुळे २० डेसिबल कमी केल्यास साडेतीन बिटांहून कमी नुकसान होते, आणि २४ बिटांच्या कन्व्हर्टरला ते जाणवतही नाही. अनेक रिसीव्हरच्या दर्शनी पट्टीवर २० डेसिबल कमी करणारे म्यूटिंगचे बटणही असते. ते फोनवर बोलताना आवाज दाबण्यासाठी दिले असावे असा समज आहे, परंतु रात्रभर दाबून ठेवण्यास काहीच हरकत नाही. मात्र एफएम म्यूटिंग नावाचे बटण वेगळे असते. ते केवळ दोन स्टेशनांमधली खरखर बंद करते आणि आपल्या कामाचे नसते.

हे दोन्ही नसेल तर सिग्नलच्या वाटेवर त्याला ठरावीक प्रमाणात कमी करणारा छोटा जोड, म्हणजे अ‍ॅटेन्युएटर बसवावा. तो तयार मिळतो: एका बाजूला पिन, दुसऱ्या बाजूला सॉकेट, आत दोन रेझिस्टर. १० किंवा १२ डेसिबलचा असतो तसा २० डेसिबलचाही असतो, आणि सीडी प्लेयरसाठी मी २० डेसिबलचाच सुचवेन. सोल्डरिंग येत असेल तर प्रत्येक चॅनेलसाठी सिग्नलच्या तारेत १० किलोओहम आणि त्यापुढे सिग्नल व ग्राउंड यांच्यामध्ये १.१ किलोओहम जोडला की सिग्नल जवळजवळ एक दशांश होतो, म्हणजेच २० डेसिबल. १० किलोओहमसोबत ३.३ किलोओहम घेतल्यास सुमारे १२ डेसिबल मिळतात. रेझिस्टर एक टक्का अचूकतेचे घ्यावेत, नाहीतर डाव्या-उजव्यातला जो फरक मिटवायला निघालो तोच नव्याने ओढवून घेऊ. रेकॉर्ड प्लेयर आणि फोनो सॉकेट यांच्यामध्ये मात्र हे कधीही बसवू नये. कार्ट्रिजला (सुई बसवलेल्या भागाला) ठरावीक ४७ किलोओहमचा भार हवा असतो आणि तिचा सिग्नल आधीच काही मिलिव्होल्टचा असतो.

अ‍ॅटेन्युएटर कोठे बसवावा, हा प्रश्न वाटतो त्यापेक्षा महत्त्वाचा आहे. स्रोत आणि ऑक्स यांच्यामध्ये बसवला तर फक्त त्या स्रोताची पातळी उतरते. प्रिअ‍ॅम्पमध्ये, म्हणजे रिसीव्हरच्या पहिल्या टप्प्यात, नॉबच्या पुढे निर्माण होणारी गुणगुण किंवा सळसळ आहे तशीच राहते, आणि रात्रीच्या शांततेत तीच खुपते. रिसीव्हरच्या मागे प्रिआउट (पहिल्या टप्प्यातून बाहेर) आणि मेन-इन (पॉवरच्या टप्प्यात आत) अशी सॉकेट असून ती धातूच्या लहान पट्ट्यांनी जोडलेली असतील, तर रिसीव्हर पूर्ण बंद करून त्या पट्ट्या काढाव्यात आणि दोन आखूड तारांसह अ‍ॅटेन्युएटर तेथे बसवावा. मग संगीतासोबत प्रिअ‍ॅम्पचा गोंगाटही तेवढाच खाली येतो, शिवाय एफएम आणि रेकॉर्ड यांनाही लाभ होतो. सर्व स्रोतांवर त्रास असेल किंवा स्पीकरजवळ कान नेल्यावर गुणगुण ऐकू येत असेल, तर मी हीच जागा निवडेन. काढलेल्या पट्ट्या नीट जपून ठेवाव्यात. त्या हरवल्या की रिसीव्हर विकताना त्यांची आठवण होते.

किती डेसिबल पुरेसे, हे ठरवण्याची सोपी रीत अशी: आपण एरवी जास्तीत जास्त जेवढ्या मोठ्याने ऐकतो तेवढा आवाज लावावा. त्या वेळी नॉब एक ते दोनच्या दरम्यान असेल तर निवड बरोबर आहे. तो चारच्या पुढे न्यावा लागत असेल तर अ‍ॅटेन्युएटर गरजेपेक्षा जड आहे.

आता मंद आवाजात खालचे स्वर वाढवणाऱ्या लाउडनेसच्या बटणाविषयी. ते वापरणे म्हणजे भेसळ, असे मानणारे श्रोते आहेत. रात्रीच्या ऐकण्यापुरते मला ते मान्य नाही. आवाज कमी झाला की कान खालच्या स्वरांना अधिक बहिरा होतो, हे फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३मध्ये मोजून दाखवले. ऐकण्याची पातळी ८० फोन (कानाला जाणवणारा आवाज मोजण्याचे एकक) असताना १०० हर्ट्झचा स्वर १००० हर्ट्झच्या स्वराइतकाच मोठा वाटण्यासाठी सुमारे १२ डेसिबल अधिक लागतात, तर ४० फोनला २०हून अधिक. म्हणून मंद आवाजात तबल्याचा डग्गा किंवा बासगिटार नाहीशी होते आणि संगीत पातळ वाटू लागते. लाउडनेसचे बटण हीच तूट भरून काढते, आणि बहुतेक रिसीव्हरमध्ये ती भर नॉबच्या जागेशी जोडलेली असते: नॉब खाली असेल तर पूर्ण, वर जाईल तशी कमी. सिग्नल फार मोठा असताना आवाज पुरेसा मोठा झाला तरी नॉब खालीच राहतो, भर पूर्णच राहते आणि संगीत घुमू लागते. लाउडनेसची अनेकांच्या मनातली बदनामी येथूनच आली असावी. अ‍ॅटेन्युएटर बसवल्यानंतर नॉब आपल्या जागी येतो आणि हेच बटण समंजसपणे वागू लागते, त्यामुळे आधी नावडलेले बटण पुन्हा एकदा दाबून पाहावे.

यामाहाच्या काही रिसीव्हरमध्ये लाउडनेसला स्वतंत्र फिरता नॉब असतो. तेथे क्रम उलटा आहे. लाउडनेस सपाट ठेवून आवाजाचा नॉब आपल्या सर्वांत मोठ्या पातळीवर लावावा, आणि नंतर आवाज कमी करण्यासाठी लाउडनेसचाच नॉब फिरवावा. लाउडनेस मुळीच नसेल तर बेस दोन-तीन खाचा आणि ट्रेबल एखादी खाच वाढवावी, तसेच लो आणि हाय फिल्टर बंद आहेत ना ते पाहावे.

एवढे करूनही आवाज एका बाजूला झुकत असेल तर मोनोचे बटण दाबावे, दोन्ही स्पीकरांच्या बरोबर मध्ये बसावे आणि एकट्या गायकाचा आवाज लावून नॉब हळूहळू फिरवावा. गायक मधोमध स्थिर राहतो तो नॉबचा वापरण्याजोगा भाग. नेहमीच्या जागेवर थोडासाच कल असेल तर बॅलन्सने तो खुशाल सावरावा. फिरवताना खरखर येत असेल तर नॉब आतून साफ करावा लागतो. प्लग काढून, वीज साठवणारे कपॅसिटर रिकामे होण्यास वेळ देऊन, पोटेन्शिओमीटरच्या फटीत वंगणयुक्त काँटॅक्ट क्लीनरचा अगदी लहान फवारा मारावा आणि नॉब तीसेक वेळा टोकापासून टोकापर्यंत फिरवावा. गंज सोडवणारे सामान्य स्प्रे येथे वापरू नयेत. काही दिवसांत खरखर परत आली, तर एखादा गळका कपॅसिटर नॉबवर डीसी (एकाच दिशेने वाहणारी वीज) पाठवत असण्याची शक्यता असते, आणि ते काम कारागिराचे.

मंद आवाजात एक चॅनेल गायब होतो आणि नॉब क्षणभर वाढवला की परततो, हे लक्षण मात्र नॉबचे नसते. स्पीकरच्या संरक्षक रिलेवर (विजेने चालणाऱ्या स्विचवर) किंवा स्पीकर निवडण्याच्या स्विचवर काळपट थर चढलेला असतो. थोडा प्रवाह तो भेदू शकत नाही, मोठा भेदतो. स्विच वीसेक वेळा चालू-बंद केल्याने फरक पडला तर तो साफ करावा. रिले दोषी असेल तर घासत बसण्यापेक्षा बदललेली बरी. आणखी एक दोष मंद आवाजातच उघडा पडतो: दोन्ही चॅनेल सारखे वाजतात, तरी स्वर कोरडे आणि किरकिरे येतात. पॉवर अ‍ॅम्पमधील ट्रान्झिस्टरांचा विश्रांतीचा प्रवाह, म्हणजे बायस, वर्षांगणिक ढळला की सिग्नल शून्य ओलांडताना मोडतो. मोठ्या आवाजात ते झाकले जाते, मिलिवॅटच्या पातळीवर नाही. बायस लावण्यासाठी सर्व्हिस मॅन्युअल, मीटर आणि उघड्या यंत्रात हात घालण्याचा अनुभव हे तिन्ही लागतात, म्हणून ते जाणकाराकडेच सोपवावे.

उरली बैठक. खोलीची स्वतःची शांतताही ३० डेसिबलच्या आसपास असते आणि पंखा ती सहज वाढवतो, तेव्हा आवाज वाढवण्याआधी आपण स्पीकरच्या जवळ सरकावे. मोकळ्या जागेत अंतर निम्मे केल्यास ६ डेसिबल मिळतात; खोलीत थोडे कमी, पण जे मिळतात ते शेजारच्या खोलीपर्यंत न जाता आपल्यालाच मिळतात. स्पीकर कानांच्या उंचीवर आणि आपल्याकडे किंचित वळवलेले असावेत. ते भिंतीच्या जवळ नेल्यास खालचे स्वर भरतात. दिवसा मोठ्याने ऐकताना मात्र तेच घुमू लागतील, म्हणून रात्रीची जागा जमिनीवर चिकटपट्टीने खुणावून ठेवावी.