पिच्चर ऑनलाइन सोडण्याआधी: 25,000 रुपयांतली तयारी

अहिराणी विनोदी पिच्चर यूट्यूबवर टाकायचा असेल तर पहिला पैसा जाहिरातीवर नको, आवाजावर घाला. लोक तो मोबाइलच्या स्पीकरवर बघणार, एसटीत नाहीतर चार जण बोलत असलेल्या घरात. हेडफोनवर छान वाटलेला संवाद तिथे बुडतो. यूट्यूब फार मोठा आवाज साधारण उणे 14 एलयूएफएसपर्यंत (एलयूएफएस म्हणजे आवाजाचा जोर मोजायचं एकक) खाली आणतं, पण बारीक आवाज वर उचलत नाही. म्हणून मिक्स तेवढ्यालाच आणून ठेवा, संवादाखालचं संगीत दाबा आणि आठ-दहा हजारांच्या फोनवर, पंखा चालू ठेवून, पूर्ण पिच्चर एकदा ऐका. आवाज आणि सबटायटल यांना मिळून 4,000 रुपये बाजूला काढा.

सबटायटल मराठीत हवंच. धुळे-नंदुरबारकडे आणि अमळनेर-पारोळ्याला अहिराणी, रावेर-यावलकडे लेवा बोली, आणि पुण्यात वाढलेल्या पोरांना दोन्ही अर्धवट. यूट्यूबच्या आपोआप उमटणाऱ्या कॅप्शनला अहिराणी कळत नाही, तेव्हा एसआरटी फाइल (वेळेसकट सबटायटल लिहिलेली) स्वतः बनवा. विनोदी पिच्चरचा घोळ नेमका इथे होतो. समजा सासरा विचारतो, "तुन्हाकडे कितली जमीन शे?" नवरदेव जरा थांबून म्हणतो, "नखेसमा शे तितली" (नखांत आहे तेवढी). दोन्ही ओळी एकाच पट्टीत टाकल्या की प्रेक्षक उत्तर वाचून मोकळा होतो आणि नटाचं ते थांबणं वाया जातं. प्रश्नाची पट्टी प्रश्नाबरोबर संपवा, मधला दीड सेकंद पडदा कोरा राहू द्या, नटाने तोंड उघडलं की मगच उत्तर येऊ द्या. फाइल यूटीएफ-8 या एन्कोडिंगमध्ये सेव्ह करा. नोटपॅडमध्ये एएनएसआय राहिलं तर देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हं दिसतात.

आता गाणी. हळदीच्या सीनमागे डीजेवर वाजलेलं गाणंही कॉन्टेंट आयडी (यूट्यूबची गाणी आपोआप ओळखणारी यंत्रणा) पकडतं, आणि मग त्या पिच्चरची जाहिरातीची कमाई गाण्याच्या मालकाकडे वळू शकते. लोकगीताचे शब्द सगळ्यांचे असले तरी कंपनीने काढलेलं रेकॉर्डिंग सगळ्यांचं नसतं. गावातल्याच बायांकडून गाऊन घ्या आणि गाणारी, वाजवणारे, नट अशा सगळ्यांच्या लेखी परवानग्या एका फायलीत ठेवा. एडिटरने 'फ्री म्युझिक' म्हणून जे घातलं, त्याच्या लायसन्सचा स्क्रीनशॉटही तिथेच.

नवीन चॅनेलवर फोन नंबर पडताळल्याशिवाय 15 मिनिटांपेक्षा मोठा व्हिडिओ चढत नाही आणि स्वतःचं थंबनेलही (व्हिडिओचं मुखचित्र) लावता येत नाही. ही गोष्ट रिलीजच्या रात्री कळते तेव्हा फार उशीर झालेला असतो. दोन तासांच्या पिच्चरची फाइल आठ-दहा जीबीची सहज होते, लाइट आणि नेट दोन्हींचा भरवसा नाही, आणि चढल्यावरही एचडी व्हायला वेळ लागतो. तेव्हा निदान तीन दिवस आधी प्रायव्हेट म्हणून चढवा. कॉपीराइटची तपासणी त्यातच होते, म्हणजे क्लेम आला तरी गाणं बदलायला सवड मिळते. कौतुकाने नटांना फाइल पाठवू नका. व्हॉट्सअ‍ॅपवर डॉक्युमेंट म्हणून 2 जीबीपर्यंत जातं, आणि एका भाच्याकडे गेलं की तालुकाभर झालं.

शीर्षकाला 100 अक्षरांची मर्यादा आहे, पण फोनवर सुरुवातीचाच भाग दिसतो. नाव आणि 'अहिराणी कॉमेडी' हे शब्द पुढे घ्या. खान्देशी, खानदेशी, अहिराणी, अहिरानी, लोक काहीही टाइप करतात, रोमन लिपीत तर आणखी तऱ्हा. त्यातल्या चार-पाच वर्णनात येऊ द्या. थंबनेल 1280 बाय 720चं, त्यावर एकच चेहरा, शब्द तीनच. पोस्टर आणि थंबनेलला 3,000 पुरतात.

क्लिपा दहा काढा, 3,000 रुपयांत. संदर्भ न लागणारे छोटे विनोद निवडा आणि पूर्ण दाखवा. अर्धा तोडलेला विनोद कुणी पुढे पाठवत नाही. ज्याच्यावर कथा उलटते तो विनोद मात्र बाहेर काढू नका. क्लिप उभी, 1080 बाय 1920, लांबी 30 ते 40 सेकंद, सुरुवात लोगोने नव्हे तर संवादाने. अक्षरं खालच्या चौथाई भागात नकोत, तिथे अ‍ॅपची बटणं येतात. यूट्यूब शॉर्ट्सच्या (उभ्या छोट्या व्हिडिओंच्या) वर्णनातली लिंक दाबता येत नाही, तेव्हा 'रिलेटेड व्हिडिओ'त पिच्चर जोडा. व्हॉट्सअ‍ॅपवर ब्रॉडकास्ट यादीत 256 जण मावतात, पण ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच मेसेज पोचतो. वारंवार फिरलेला मेसेज एका वेळी एकाच चॅटला पुढे जातो. गावोगावच्या ग्रुप अ‍ॅडमिनना म्हणूनच फॉरवर्ड न करता क्लिप नव्याने पाठवा.

तारीख आखाजीची (अक्षय तृतीया) किंवा श्रावणातल्या कानबाईच्या उत्सवाची बरी. सुरत, पुणे, नाशिकची माणसं गावी आलेली असतात, घरातल्या टीव्हीवर एकाच वेळी तीन पिढ्या बसतात. क्लिपा बारा दिवस आधी सुरू करा, म्हणजे त्या सुरतेतच बघितल्या जातील. कापूस वेचणीच्या दिवसांत दुपारी काही टाकू नका, रात्री आठनंतर टाका. प्रीमियर (ठरल्या वेळी सगळ्यांनी एकदम बघायचं, शेजारी चॅट) दोनशे माणसं तरी जमणार असतील तरच लावा. रिकामी चॅट बघणाऱ्यालाही लाजवते. गावात पडदा लावून दाखवायचा बेत असेल तर सेन्सॉरचं प्रमाणपत्र लागतं, ते काम वेगळं आणि वेळखाऊ.

जाहिरात सगळ्यात शेवटी: 12,000 रुपये. 18 टक्के जीएसटी त्यातच जातो, म्हणजे 1,000 भरले तर जाहिरातीला सुमारे 847 उरतात. फेसबुकवर लिंक दाबली की यूट्यूब बऱ्याचदा फेसबुकच्याच आतल्या ब्राउझरमध्ये उघडतं. तिथे माणूस लॉग-इन नसतो, सबस्क्राइब करत नाही. म्हणून पैसा शक्यतो गूगल अ‍ॅड्समधून थेट यूट्यूबवर लावा. सुरतेचं उधना-लिंबायत, पिंपरी-चिंचवड, नाशिक आणि जळगाव-धुळे अशा चार वेगळ्या मोहिमा, प्रत्येकी रोज 200, तीन दिवस. एवढ्यात 2,400 जातील. जिथे लोक जास्त वेळ टिकतात तिथेच उरलेले लावा. जाहिरातीतून मिळालेले बघण्याचे तास चॅनेलच्या कमाईसाठी लागणाऱ्या 4,000 तासांत धरले जात नाहीत, त्यामुळे तो हिशेब यात मिसळू नका. एकूण 25,000मधल्या उरलेल्या 3,000ना हात लावू नका. दुसऱ्या आठवड्यात एखादी क्लिप आपोआप चालली की त्याच क्लिपवर घाला.

चॅनेलवर कमाई सुरू झाली की, गूगल जिथून पैसे देतं त्या अ‍ॅडसेन्सची शिल्लक 10 डॉलर झाल्यावर पत्ता पडताळायच्या पिनचं पत्र साध्या टपालाने निघतं आणि दोन ते चार आठवड्यांत येतं. पत्ता भरताना घराचं नाव, ओळखीचं दुकान, पोस्ट, तालुका, पिनकोड सगळं लिहा आणि पोस्टमनला आधीच सांगून ठेवा.