बोअर रिचार्जचा खड्डा गाळाने चोंदू नये म्हणून काय करायचं

पावसाचं वाहून जाणारं पाणी गाळून बोअरमध्ये जिरवायला बोअरभोवती जो खड्डा करतात, तो हा रिचार्जचा खड्डा. पहिल्या पावसाळ्यात पाणी मस्त जिरतं, पण दोन-तीन वर्षांनी बघावं तर खड्डा तुंबलेला, आणि मग लोक म्हणतात बोअरच पाणी घेत नाही. बऱ्याचदा दोष बोअरचा नसतोच, वरच्या वाळूवर चिखलाचा थर बसलेला असतो, अर्धा इंच असला तरी पुरतो.

आपली काळी माती फार बारीक. ०.००२ मिलिमीटरचा कण संथ पाण्यातसुद्धा एक मीटर खाली बसायला जवळपास ३ दिवस घेतो! रानातून येणारं गढूळ पाणी बाटलीत भरून ठेवा, वाळू लगेच तळाला जाईल, पण दुसऱ्या दिवशीही पाणी चहासारखं दिसलं तर समजा की नुसत्या गाळटाकीने भागणार नाही, वाळूतून गाळावंच लागेल.

तरी गाळटाकी आधी हवीच, जाडा गाळ तिथेच थांबतो. मग खड्ड्यात खाली मोठे दगड, त्यावर खडी, त्यावर नायलॉनची जाळी आणि सगळ्यात वर जाड वाळू. केसिंगला, म्हणजे बोअरच्या पाइपला, भोकं फक्त खालच्या दगडांच्या थरात पाडा आणि त्यावर जाळी दोन-तीन पदर घट्ट गुंडाळा. वाळू धुऊनच टाका, क्रशरची असेल तर नक्कीच, नाहीतर तिच्यातली भुकटीच आधी खाली जाते. नांगरलेल्या रानातलं पहिल्या पावसाचं पाणी आत घेऊ नका, बाहेर काढून द्या. गोठ्याचं आणि फवारणीच्या रानातलं तर कधीच नको, तेच पाणी उद्या प्यायचंय.

खड्ड्याच्या भिंतीवर रंगाने एक रेघ मारा, पाणी तिथून तळापर्यंत उतरायला किती वेळ लागतो ते लिहून ठेवा. वेळ वाढत चालला की समजायचं साफ करायची वेळ आली. ओल्यात खरवडू नका, चिखल वाळूत अजून खाली दाबला जातो. उघडीप मिळाली की थर सुकतो, तडकतो, कडा वर वळतात, तेव्हा खुरप्याने पापुद्रे अलगद निघतात, खालची दोन-तीन इंच वाळूही काढून धुवा. निघालेला गाळ रानात टाका, चांगला असतो.

एवढं करायचं कारण असं की काळ्या पाषाणात पाणी फटींतूनच मुरतं, आणि त्या फटीत एकदा गाळ शिरला की तिथे हात पोचत नाही. मग कॉम्प्रेसर लावून बोअर फ्लश करावा लागतो, म्हणजे हवेच्या दाबाने आतला गाळ बाहेर काढावा लागतो, खर्च होतो आणि तरी सगळा गाळ निघेलच असं नाही. फ्लश केलंच तर बाहेर येणारं पाणी नितळ होईपर्यंत चालू ठेवा.